डोळ्यांची खाज, चुरचुर आणि पाणी : ॲलर्जी समजावी की कोरडेपणा?

कोथरूडकर, पुणे (प्रश्न)

नमस्कार. माझे वय 47 असून मी एका खाजगी कंपनीच्या लेखा विभागात काम करते. त्यामुळे दिवसातील आठ-नऊ तास संगणकाच्या पडद्यासमोर जातात. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी घरातील माळा आवरला, आणि त्यानंतर सकाळी उठल्याबरोबर शिंका येऊ लागल्या, दोन्ही डोळे लाल होऊन त्यांना खाज सुटू लागली. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ही ॲलर्जी असल्याचे सांगून रात्री झोपताना सेटिरिझिनची एक गोळी दिली. पंधरा दिवसांत शिंका थांबल्या. डोळे मात्र पूर्ववत झाले नाहीत, म्हणून मी गोळी तशीच चालू ठेवली. तिला आता पाच महिने होत आले. मध्यंतरी त्याच डॉक्टरांनी ऑलोपॅटॅडिनचे थेंबही लिहून दिले. त्यांनी सकाळची खाज बरीच कमी झाली, हे मान्य करायला हवे.

परंतु दुपारी चारनंतर निराळेच काही सुरू होते. डोळे चुरचुरतात, पापणीखाली बारीक वाळू अडकल्यासारखे खुपते, आणि पडद्यावरील आकडे धूसर दिसू लागतात. दोन-तीन वेळा पापण्या मिटून उघडल्या की ते पुन्हा स्पष्ट होतात. चष्म्याचा क्रमांक दोन महिन्यांपूर्वीच तपासला आहे. तो बदललेला नाही. संध्याकाळी दुचाकीवरून घरी परतताना वारा लागला की डोळ्यांतून इतके पाणी वाहते की मला गाडी बाजूला घ्यावी लागते. एका सहकारी मैत्रिणीने हे कोरड्या डोळ्यांचे लक्षण असल्याचे सांगितले, तेव्हा मला हसूच आले. ज्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागतात ते कोरडे कसे असतील?

ॲलर्जी आणि कोरडेपणा यांतील फरक घरच्या घरी कितपत ओळखता येतो? गोळी आणि थेंब चालू ठेवावेत का? सासूबाई गुलाबपाण्याचे थेंब घालण्याचा आग्रह करीत आहेत, त्याविषयीही कोणी अनुभवाने सांगितल्यास बरे होईल.

दृष्टिमापक, नाशिक

मी गेली अठरा वर्षे दृष्टिमापनतज्ज्ञ म्हणून काम करीत आहे. मी नेत्रवैद्य नाही, त्यामुळे पुढील मजकूर तपासणीला पर्याय मानू नये. आपल्या वर्णनात मला एक नव्हे, दोन दुखणी दिसतात: एक सकाळचे आणि एक संध्याकाळचे. सकाळचे बरे होत आले आहे, आणि त्याच्यावर चाललेले औषध कदाचित संध्याकाळच्या दुखण्याला खतपाणी घालीत आहे.

फरक ओळखण्यासाठी रुग्णाचे शब्दच मला सर्वाधिक उपयोगी पडतात. या बाबतीत आपली भाषा फार नेमकी आहे, फक्त आपण ती घाईत वापरतो. ‘डोळे खाजतात’ असे सांगणाऱ्याला मी ‘नेमके कुठे?’ असे विचारतो. ज्याला खरी खाज आहे त्याचे बोट उत्तर देता देताच नाकाजवळच्या कोपऱ्याकडे जाते. चोळल्यावर क्षणभर सुख वाटते आणि मग खाज दुपटीने उसळते. ‘चुरचुरतात’, ‘खुपते’, ‘आग होते’ असे म्हणणारा मनुष्य सहसा चोळत नाही. तो डोळे मिटून घेतो, कारण मिटल्यावर त्याला बरे वाटते. ॲलर्जीमध्ये हिस्टामिन नावाचे द्रव्य डोळ्याच्या पारदर्शक आवरणातील पेशींमधून बाहेर पडते आणि त्यामुळे खाज, लाली, सूज आणि पाणी असा सारा प्रकार होतो. सोबत शिंका किंवा नाक गळणे असेल, धूळ झटकल्यावर अथवा ठरावीक ऋतूत त्रास वाढत असेल, आणि पातळ पाण्याबरोबर तारेसारखा ओढला जाणारा पांढरा चिकट स्राव असेल, तर ॲलर्जीचा संशय बळावतो. कोरडेपणाला ऋतूपेक्षा घड्याळ अधिक कळते: दिवस चढतो तसा तो वाढतो. वाचन, पडदा, वातानुकूलन यंत्राचा झोत आणि दुचाकीवरचा वारा हे त्याचे नेहमीचे साथीदार आहेत.

आता पाण्याच्या धारांविषयी. बुबुळावर अश्रूंचा जो अत्यंत पातळ थर असतो तो निव्वळ पाण्याचा नसतो. सर्वांत आत श्लेष्मा असतो, जो पाण्याला बुबुळावर पसरून धरतो; मध्ये पाणी; आणि वरून पापण्यांच्या कडेला असलेल्या ग्रंथींतून येणाऱ्या तेलाचे पातळ आवरण. फोडणीच्या तेलाचा तवंग आमटीवर राहतो तसे ते तेल वर राहते आणि खालचे पाणी उडून जाऊ देत नाही. हे तेल कमी पडले तर थर काही सेकंदांतच फाटतो, बुबुळाचा तेवढा भाग उघडा पडतो, आणि त्या वेदनेने अश्रुग्रंथी एकदम भरपूर पाणी सोडते. हे आणीबाणीचे पाणी पातळ असते, डोळ्यावर टिकत नाही आणि गालांवरून वाहून जाते. वाहत्या डोळ्याचा मालक म्हणूनच कोरडेपणाच्या निदानावर विश्वास ठेवायला तयार होत नाही. आपल्या मैत्रिणीचे म्हणणे हसण्यावारी नेऊ नये.

आपण सांगितलेली, पापणी मिटल्यावर आकडे स्पष्ट होण्याची गोष्ट मला या साऱ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रकाश डोळ्यात शिरताना सर्वप्रथम अश्रूंच्या थरातून जातो. थर फाटला की चित्र धूसर होते आणि पापणीने तो पुन्हा पसरला की नीट दिसते. ॲलर्जीमुळे असे घटकेघटकेला बदलणारे दिसणे क्वचितच होते. एरवी आपण मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापण्या मिटतो, पडद्यासमोर हे प्रमाण पाच ते सातवर येते आणि त्यांतील बऱ्याच वेळा पापणी अर्ध्यातूनच परतते. दुपारी चारपर्यंत या उपेक्षेची थकबाकी साचलेली असते.

सेटिरिझिनसारख्या गोळ्या हिस्टामिनला अडवतात, तशाच त्या काही प्रमाणात अश्रू आणि लाळही आटवतात. जुन्या पिढीतील गोळ्यांच्या मानाने सेटिरिझिनचा हा दोष सौम्य आहे, परंतु पाच महिने रोज घेतल्यावर, तेही पंचेचाळिशीनंतर, जेव्हा रजोनिवृत्तीच्या आसपास स्त्रियांचे डोळे आपोआपच कोरडे होऊ लागतात, तो जाणवणारच नाही असे म्हणता येत नाही. तरी गोळी स्वतःच्या मनाने एकाएकी थांबवू नये, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारावे. अनेक महिने रोज घेतल्यानंतर सेटिरिझिन थांबवताच काही थोड्या लोकांना अंगभर तीव्र खाज सुटल्याचे आढळले आहे, आणि अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 2025 मध्ये त्याबद्दल इशाराही दिला आहे. डोळ्यांपुरती ॲलर्जी असेल तर पोटातील गोळीपेक्षा थेंब अधिक लवकर आणि नेमके काम करतात.

गुलाबपाणी डोळ्यांत घालू नये. सासूबाईंचा हेतू चांगला असला तरी बाजारातील ती बाटली निर्जंतुक नसते, आणि तिच्यात सुगंधी द्रव्ये व टिकवणूक-रसायने असू शकतात. मध, एरंडेल, दूध आणि घरगुती काजळ यांनाही हेच लागू आहे. डोळ्यांची लाली झटपट घालवणारे नॅफॅझोलिनचे थेंबही टाळावेत. ते रक्तवाहिन्या तेवढ्यापुरत्या आकुंचित करतात आणि परिणाम ओसरल्यावर डोळे आधीपेक्षा लाल दिसू लागतात. कारण जसेच्या तसे राहते. दुखणे रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात तसा तो प्रकार आहे.

नेत्रवैद्यांकडे जाल तेव्हा अश्रूंचा थर किती सेकंद टिकतो आणि अश्रू किती तयार होतात, या दोन्ही चाचण्या करण्याची विनंती करावी. वरची पापणी उलटवून पाहिली जाते ना, याकडेही लक्ष असू द्यावे.

अकोलेकर

वरील उत्तर उत्तम आहे. त्यात मुलांविषयी एक बाजू जोडावीशी वाटते, कारण मुलांमध्ये चूक बहुधा उलट दिशेने होते.

माझा मुलगा सहा वर्षांचा असताना फेब्रुवारी संपत आला की त्याचे डोळे सुजू लागत. उजेड सहन होत नसे, डोळ्यांतून जाड, चिकट, दोऱ्यासारखा स्राव निघे आणि तो दिवसभर मुठींनी डोळे चोळत असे. आम्ही पहिल्या वर्षी त्याला ‘डोळे आले’ समजलो आणि दुसऱ्या वर्षी मोबाइलला दोष दिला. नंतर निदान झाले ते व्हर्नल या प्रकारच्या ॲलर्जीचे. उष्ण, कोरड्या प्रदेशांत, आणि मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये, हा विकार जास्त आढळतो, आणि पुष्कळ मुलांमध्ये तो वयात आल्यानंतर निवतो. पापणी उलटवून डॉक्टरांनी आम्हाला आरशात दाखवले: आतल्या बाजूला फरशीच्या दगडांसारखे चपटे उंचवटे एकमेकांना खेटून बसलेले होते.

आमची खरी चूक पुढे झाली. पहिल्या चिठ्ठीवर दोन आठवड्यांसाठी लिहिलेले स्टेरॉइडचे थेंब आम्ही तीच चिठ्ठी दाखवून दोन उन्हाळे विकत घेत राहिलो. दुकानदाराने विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही, कारण एका थेंबात मुलगा हसू लागे. तिसऱ्या वर्षी तपासणीत डोळ्यातील दाब 34 मिलिमीटर पारा भरला. तो साधारणतः 10 ते 21 या दरम्यान असायला हवा. अशा वाढलेल्या दाबाने डोळ्याच्या मागची नस हळूहळू निकामी होते आणि मुलाला काही दुखतही नाही. सुदैवाने नस शाबूत होती. स्टेरॉइड देखरेखीखाली बंद झाले, त्याऐवजी टॅक्रोलिमसचे मलम आले, आणि दाब उतरला. थेंबांच्या नावात ‘डेक्सा’, ‘प्रेड’ किंवा ‘बीटा’ अशी अक्षरे दिसली तर ते किती दिवसांसाठी आहेत हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावे, असे मी आता सर्वांना सांगत असतो.

चोळण्याबद्दलही डॉक्टरांनी आम्हाला बजावले आहे. वर्षानुवर्षे जोराने चोळल्यामुळे बुबुळ पातळ होऊन शंकूसारखे पुढे येऊ शकते, म्हणून दरवर्षी त्याच्या बुबुळाचा नकाशा काढला जातो. खाज आली की थंड पाण्यात भिजवून पिळलेला रुमाल मिटलेल्या डोळ्यांवर ठेवायचा, हा नियम तो आता स्वतःच पाळतो.

आमच्याकडील हवेविषयी एक निरीक्षण नोंदवतो, ते ग्राह्य मानायचे की नाही हे आपण ठरवावे. उन्हाळ्यात कूलर हे एकच यंत्र दोन्ही दुखणी देते. त्याचा झोत रात्रभर चेहऱ्यावर आला की माझे स्वतःचे डोळे सकाळी कोरडे, चिकटलेले असतात. आणि त्याच्या गेल्या वर्षीच्या, कुबट वास येणाऱ्या ताट्या न बदलता तो सुरू केला की मुलाची खाज त्याच आठवड्यात सुरू होते. आता आम्ही ताट्या दरवर्षी नव्या बसवतो आणि कूलरचे तोंड भिंतीकडे वळवतो.

निवृत्त शिक्षिका, रत्नागिरी

कोकणातील दमट हवेत डोळे कोरडे पडणे शक्य नाही, अशी माझी आणि मला तपासणाऱ्या दोघांची समजूत होती, आणि त्या समजुतीपायी माझी दोन वर्षे ॲलर्जीच्या औषधांत गेली. माझे डोळे कधी खाजले नाहीत. ते आग होऊन खुपत, आणि सकाळी पापणी उघडताना बुबुळावर कागद घासल्यासारखे वाटे. ‘खाजतात का?’ या प्रश्नाला मी ‘हो’ म्हणून टाकी, कारण ‘त्रास होतो’ एवढाच त्याचा अर्थ मी घेत असे. नाशिकच्या प्रतिसादातील शब्दांविषयीचा परिच्छेद वाचताना म्हणूनच मला अपराधी वाटले.

उलगडा डोळ्यांवरून झाला नाही, तोंडावरून झाला. भाकरीचा घास पाण्याच्या घोटाशिवाय उतरेना आणि एका वर्षात चार दात किडले, तेव्हा दंतवैद्यांनीच डोळ्यांविषयी विचारले. पुढे शिर्मर चाचणी झाली. खालच्या पापणीच्या कडेत शोषक कागदाची बारीक पट्टी अडकवून पाच मिनिटांत ती किती मिलिमीटर ओली होते ते पाहतात. दहाच्या वर असेल तर सहसा चिंता नसते, पाचच्या खाली असेल तर अश्रू स्पष्टपणे कमी असतात. माझी पट्टी दोन मिलिमीटर ओली झाली. रक्ताच्या तपासणीनंतर शोग्रेन या विकाराचे निदान झाले. त्यात शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच अश्रू आणि लाळ ग्रंथींवर उलटते, आणि हा विकार असलेल्यांमध्ये स्त्रियांचे प्रमाण फार मोठे आहे.

प्रत्येक कोरड्या डोळ्यामागे असे काही असते असे मुळीच नाही. परंतु डोळ्यांबरोबर तोंड कोरडे पडत असेल, सांधे दुखत असतील किंवा थकवा हटत नसेल, तर केवळ थेंबांवर थांबू नये. मला दिवसातून आठ-दहा वेळा कृत्रिम अश्रू घालावे लागतात. सुरुवातीला मी साध्या बाटलीतील घालत होते आणि त्यांनीच आग वाढत असे, कारण अनेक बाटल्यांमध्ये औषध टिकावे म्हणून बेन्झाल्कोनियम क्लोराइड घातलेले असते. दिवसातून चारपेक्षा अधिक वेळा थेंब लागत असतील तर टिकवणूक-रसायन नसलेले, एकेका वापराच्या छोट्या नळ्यांतील थेंब घ्यावेत. ते महाग पडतात. पुढे माझ्या पापण्यांच्या आतल्या कोपऱ्यातील अश्रू वाहून नेणाऱ्या छिद्रांत बारीक बुचे बसवली, त्यामुळे असलेले थोडे पाणी डोळ्यातच राहते आणि नळ्यांचा खर्चही उतरला.

कोथरूडकर, पुणे

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. काल नेत्रवैद्यांकडे जाऊन आले. त्यांनी डोळ्यांत पिवळसर-केशरी रंगाचा थेंब टाकून निळ्या प्रकाशात पाहिले आणि अश्रूंचा थर चार सेकंदांत फाटतो असे सांगितले. तो किमान दहा सेकंद टिकायला हवा. शिर्मरची पट्टी मात्र 12 मिलिमीटर ओली झाली. म्हणजे माझ्याकडे पाणी पुरेसे आहे, तेलाचा तुटवडा आहे. त्यांनी पापणीची कड बोटाने दाबली तेव्हा ग्रंथींतून स्वच्छ तेलाऐवजी दंतमंजनाच्या मलमासारखा घट्ट पदार्थ आला. वरची पापणी उलटवून पाहिल्यावर थोडे बारीक उंचवटे दिसले, ते ॲलर्जीच्या मागे राहिलेल्या खुणा आहेत असे ते म्हणाले.

गोळी आमच्या डॉक्टरांशी बोलून हळूहळू कमी करायची ठरली आहे. ऑलोपॅटॅडिन फक्त खाज असेल त्या काळात, कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजचे कृत्रिम अश्रू दिवसातून चार वेळा, आणि रोज संध्याकाळी पापण्यांना गरम शेक. पडदा डोळ्यांच्या पातळीखाली ठेवण्यास आणि दर वीस मिनिटांनी वीसेक सेकंद सुमारे सहा मीटर लांब पाहत पापण्या पूर्ण मिटून उघडत राहण्यास सांगितले आहे. दर दहा दिवसांनी अभ्रे-चादरी गरम पाण्यात धुवायचे आणि माळा आवरताना तोंडाला रुमाल व डोळ्यांना चष्मा, हे मी स्वतःच ठरवले. गुलाबपाण्याची बाटली हळदीकुंकवाच्या गुलाबदाणीत रिकामी झाली, त्यामुळे घरातील वादही मिटला.

एका गोष्टीचा मात्र गोंधळ आहे. अकोल्याचे सद्गृहस्थ थंड रुमाल ठेवतात आणि मला गरम शेक सांगितला आहे. दोन्ही प्रकारचा त्रास असलेल्या व्यक्तीने काय करावे? दोन प्रकारचे थेंब एकापाठोपाठ घातले तर चालतात का?

दृष्टिमापक, नाशिक

दोन्ही शेक बरोबर आहेत, त्यांची कामे वेगळी आहेत. थंड रुमाल रक्तवाहिन्या आकुंचित करून खाज आणि सूज शमवतो. गरम शेक ग्रंथींत गोठलेले तेल वितळवतो; थिजलेले तूप पातळ करण्यासारखेच आहे ते. म्हणून सकाळी खाज आली तर थंड आणि संध्याकाळी ठरल्याप्रमाणे गरम, असे करावे. मात्र डोळे ऐन खाजत आणि सुजलेले असतील त्या दिवशी गरम शेक वगळावा, कारण उष्णतेने खाज भडकते.

गरम शेकात बहुतेकांची चूक अशी होते की ते रुमाल एकदा गरम करतात आणि दहा मिनिटे तसाच ठेवतात. ओला रुमाल दोन मिनिटांत निवतो. पापणीला साधारण 40 अंश सेल्सिअसची ऊब पाच ते दहा मिनिटे सलग मिळायला हवी, म्हणून जवळ गरम पाण्याचे भांडे ठेवून रुमाल पुन्हा पुन्हा भिजवावा, आणि प्रत्येक वेळी आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावा. त्यानंतर लगेच, तेल पातळ असतानाच, मिटलेल्या वरच्या पापणीवरून खाली आणि खालच्या पापणीवरून वर, पापणीच्या केसांच्या दिशेने हलकेच बोट फिरवावे. बुबुळावर दाब देऊ नये. परिणाम दिसायला तीन-चार आठवडे लागतात. पहिल्या चार दिवसांत काही होत नाही म्हणून पुष्कळ जण सोडून देतात.

दोन थेंबांमध्ये किमान पाच मिनिटांचे अंतर ठेवावे, अन्यथा दुसरा थेंब पहिल्याला धुऊन काढतो. औषधाचा थेंब आधी, कृत्रिम अश्रू नंतर. एका वेळी एकच थेंब पुरतो, कारण खालच्या पापणीच्या खोबणीत त्याहून अधिक मावतच नाही. बाटली उघडल्याची तारीख पेनाने तिच्यावर लिहून ठेवावी आणि महिन्यानंतर उरलेले औषध टाकून द्यावे. याखेरीज एकाच डोळ्यात तीव्र वेदना झाली, उजेड सहन होईनासा झाला, पापणी मिटूनही दृष्टी स्पष्ट होत नसेल, किंवा पिवळा पू येऊ लागला, तर पुढील तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी नेत्रवैद्यांकडे जावे.